तोंड देवळाकडे

डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते, हे आपल्या कला शाखेत किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. पेट्रोलच्या गाडीत प्लग ठिणगी टाकतो आणि पेट्रोल भडकतं. डिझेलच्या इंजिनात नुसती हवा दाबतात. वीसपटीच्या आसपास दाबतात. सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड हाताला गरम लागतं ना, त्याचाच हा थोरला भाऊ. दाबलेली हवा काहीशे अंश तापते, नेमक्या त्या क्षणी तिच्यात डिझेलचा बारीक फवारा येतो आणि आपला आपण पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरला 1893 साली याचं पेटंट मिळालं, 1897 साली आउग्सबुर्ग गावी त्याचं इंजिन यशस्वी झालं आणि 1913 साली इंग्लंडला जाताना तो बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला. या माणसाचं आडनाव आमच्या घरात दिवसातून दहा वेळा घेतलं जातं, पण ते आडनाव आहे हे मी कॉलेजात येईपर्यंत आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा आज्जी म्हणाली, "मंजी डिझेलबाबाचं तेल व्हय हे!" तेव्हापासून टाकी रिकामी झाली की आमच्याकडे 'बाबा संपला' असं म्हणतात. असो.

सांगायचं आहे ते आमच्या जीपविषयी. महिंद्राची मार्शल, 1998 सालची. महिंद्र कंपनीने 1979 साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिन बनवण्याचा परवाना घेतला, त्याच घराण्यातलं इंजिन हिच्या पोटात आहे. आप्पांनी ती माझ्या जन्माच्या वर्षी जुनी म्हणून घेतली. मी शाळेत जायच्या आधी ते चेलाडी ते वेल्हे असं वडाप करीत. आत किती आणि टपावर किती माणसं बसत ते इथे लिहीत नाही. पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या, वडाप बसलं आणि आप्पांनी दूध धरलं.

आमची वाडी वेल्हे तालुक्यात, विंझरच्या पुढे आत, तोरण्याच्या अंगाला. (या तालुक्याचं नाव राजगड करायचं हे राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये ठरवलं, आज्जीच्या तोंडी अजून वेल्हंच आहे.) वाडीत एस.टी. येत नाही. आप्पा पहाटे पाचला जीप काढतात, चार वाड्यांचं दूध गोळा करतात, पाच किटल्या, म्हणजे दोनशे लिटरच्या आसपास, आणि मार्गासनी, नसरापूर करीत हायवेला नेऊन घालतात. त्यांच्या शेजारच्या सीटवर मी. चेलाडी फाट्याला उतरायचं, कापूरहोळमार्गे भोरची एस.टी. धरायची आणि पहिल्या तासाला वर्गात बसायचं. म्हणजे दूध आणि मी एकाच गाडीचे उतारू. उशीर झाला तर दूध नासतं आणि माझी हजेरी जाते. दोन्हींपैकी आमच्या घरात अधिक काय महत्त्वाचं, हे मी कधी विचारलेलं नाही.

जीप बिघडली की आप्पा खाली सरपटतात आणि हाक मारतात, "बॅटरी धर." आमच्याकडे विजेरीलाही बॅटरीच म्हणतात, त्यामुळे लहानपणी मला वाटे की जीपची बॅटरी आणि माझ्या हातातली बॅटरी या सख्ख्या बहिणी. दहा-बारा वर्षं उजेड धरल्यावर माणूस आपोआप काही शिकतो. आप्पा चौथी शिकलेले आहेत. सुरू न होणाऱ्या गाडीला ते तीनच प्रश्न विचारतात, आणि त्याच क्रमाने विचारतात: इंजन जोरात फिरतंय का, तेल पोचतंय का, ऊब हाय का. पहिल्याचं उत्तर कानाने ऐकायचं. सेल्फ रेंगाळत बोलला तर बॅटरी उतरलेली, नाहीतर तिच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी धरलेली, नाहीतर अर्थिंगची पट्टी ढिली. दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर डोळ्यांनी बघायचं, तेही बॉनेट न उघडता. "आधी मागं जा. धुराकडं बघ." सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, डोळे चुरचुरले, तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे थंडी, हीटर किंवा दाब. धूरच नाही तर डिझेलच पोचत नाही. मग नोझलपासून मागं मागं टाकीपर्यंत शोधत जायचं. अनेक मेकॅनिक पाना हातात घेतल्यावर विचार करू लागतात. आप्पा पाना सगळ्यात शेवटी घेतात. हे मी मुलगी म्हणून बोलत नाही, पाहिलं ते सांगते.

गेल्या हिवाळ्यात, दिवाळी उलटल्यावर, जीपने त्रास द्यायला सुरुवात केली. काही दिवस अर्ध्या किल्लीत सुरू होई. काही दिवस सेल्फ मारून मारून बॅटरी मेटाकुटीला येई. अशा दिवशी धूर नावालाही नसे. मग आप्पा फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारीत. आधी फसफस बुडबुडे, मग अखंड डिझेलची धार; स्क्रू आवळायचा, पुन्हा सेल्फ मारायचा, आणि जीप खोकत खोकत सुरू व्हायची. याला 'एअर काढणं' म्हणतात. डिझेल दाबलं की पुढे सरकतं, हवा दाबली की नुसती आकसते; म्हणून नळीत हवा शिरली की पंप कितीही जोर लावो, नोझल उघडत नाही. एकदा एअर काढली की दिवसभर काही तक्रार नाही. पाबे घाटसुद्धा हसत चढायची. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. कधी तेच, कधी नाही.

शेजारच्या काकांनी एक उपाय सुचवला. हवेच्या नळकांड्याच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचा, इंजिन तो जाळ आत ओढून घेतं. आपल्या भागात हा उद्योग सर्रास चालतो. आप्पांनी साफ नकार दिला. "तेल पोचत न्हाई तिथं जाळ दाखवून काय व्हनार? भुकेल्या मानसाला शेकोटी." शिवाय त्यात माणसाचे हातही भाजतात आणि इंजिनही.

जानेवारीत एका पहाटे हातपंपानेही काही झालं नाही. दूध एका पिकअपवाल्याच्या पाया पडून पाठवलं, त्याने निम्मं भाडं आगाऊ घेतलं. जीप टोचन करून हायवेच्या एका गॅरेजला नेली. मेकॅनिकने नोझलचा नट ढिला करून सेल्फ मारला, धार बघितली आणि सांगितलं, "पंप गेला. उतरवून बेंचवर लावावा लागेल. पंचवीस हजार धरून चाला." त्याने एअर काढून गाडी तात्पुरती सुरू करून दिली.

पंचवीस हजार हा आकडा आमच्या घरात येऊन बसला आणि उठेना. आप्पा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मामा आले आणि शिरवळच्या एका कारखान्यात रात्रपाळीच्या वॉचमनची जागा आहे म्हणाले. चौथ्या दिवशी एक भंगारवाला जीपभोवती फेरी मारून गेला. त्याने टायर लाथेने दाबून बघितले, पत्रा वाजवून बघितला आणि चाळीस हजार सांगितले; रविवारी पैसे घेऊन येतो म्हणाला. आई मला एवढंच म्हणाली, "तुझ्या कॉलेजचं बघू काहीतरी. भोरात खोली मिळती का बघ." भोरात खोलीला किती पडतात ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. आमच्या वाडीतून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत आलेली मी पहिली. माझ्यामागे दोघी बहिणी दहावीत आणि आठवीत आहेत. तेव्हा हा प्रश्न एकटीच्या हजेरीचा नव्हता.

त्या रात्री जेवताना आज्जी म्हणाली, "त्या गाडीला इकायची कशाला? तिला निस्तं देवळाकडं तोंड करून लावा. भैरोबाकडं तोंड आसलं की सुरू व्हती. घराकडं आसलं की रुसती."

आप्पा हसले. मीही हसणारच होते, पण घास हातातच राहिला. गेल्या वर्षी आम्हाला तर्कशास्त्राचा पेपर होता. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने 1843 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात कारण शोधायच्या पद्धती मांडल्या. त्यांतल्या व्यतिरेक पद्धतीचं सूत्र आम्ही पाठ केलं होतं: दोन प्रसंग असे घ्यावेत की एकात घटना घडते, दुसऱ्यात घडत नाही, आणि बाकी सर्व परिस्थिती सारखी असून फरक फक्त एकाच गोष्टीचा आहे, तर ती गोष्ट कारण, किंवा कारणाचा भाग. परीक्षेत मी याला डासांचं उदाहरण लिहिलं होतं, कारण गाईडमध्ये तेच होतं. आणि इथे पितळीत भात कालवत आज्जी मला सांगत होती की जीप तीच, डिझेल तेच, थंडी तीच, फरक फक्त तोंडाचा.

मी आज्जीला विचारलं, "तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "मला काय काम हाय दुसरं? पाचाला उठून ओट्यावं बसती. बघती."

आमचं घर डोंगराच्या सोंडेवर आहे. पुढचं अंगण उताराचं, उताराच्या टोकाला भैरोबाचं देऊळ. आप्पा रात्री येतात तेव्हा कधी जीप सरळ वर चढवून तोंड घराकडे ठेवून लावतात, कधी चारा किंवा खत उतरवायचं असलं तर वळवून, मागचं दार घराकडे आणि तोंड देवळाकडे. त्याला काही नियम नाही. मी एक वही केली. रविवारला पाच रात्री होत्या. आप्पांना म्हटलं, एक दिवसाआड तोंड बदलून लावू. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि "लाव" म्हणाले.

पहिल्या रात्री घराकडे: सकाळी नाही, हातपंप. दुसऱ्या रात्री देवळाकडे: अर्धी किल्ली. तिसऱ्या रात्री घराकडे: नाही. आज्जीचं म्हणणं खरं ठरत होतं, पण मिलचं 'बाकी सर्व सारखं' काही माझी पाठ सोडेना. देऊळ उगवतीला आहे. तिकडे तोंड असलं की बॉनेटला पहिलं ऊन लागतं, हे एक. पण आम्ही निघतो पाचला, तेव्हा ऊन कुठलं? ते काटलं. मग राहिले दोनच फरक, तोंड देवाकडे आणि तोंड उताराला; आणि आमच्या अंगणात हे दोन्ही नेहमी बरोबरच येतात. त्यांना वेगळं कसं करायचं?

घराच्या मागे भाताच्या खाचरांकडे एक गाडीवाट उतरते. तिथे जीप उताराला तोंड करून लावली तर देवाकडे येते ती पाठ. मी आप्पांना तसं लावायला सांगितलं, तर ते अडखळले. "देवाची परीक्षा बघू नये," म्हणाले. भांडायचं म्हणून नव्हे, खरोखर मनापासून. आज्जीच ओट्यावरून बोलली, "लाव रं लेका. देवाला पाठ-पोट काय!"

चौथ्या पहाटे, देवाकडे पाठ करून उभी असलेली जीप अर्ध्या किल्लीत सुरू झाली.

मी काही बोलायच्या आत आप्पांचा चेहरा बदलला. मला कारणाचा भाग सापडला होता, कारण त्यांना सापडलं. टाकी गाडीच्या मागच्या अंगाला, पंप पुढे. तोंड खाली असलं की टाकी वर. रात्रभर डिझेल नळीत टिकून राहतं. तोंड वर असलं की टाकी खाली पडते. आणि मधे कुठे हवेला वाट असेल तर नळीतलं डिझेल रात्रभर हळूहळू मागे, टाकीत उतरतं. पहाटे नळी रिकामी. पंपाला ओढायला हवाच. आप्पा म्हणाले, "पंप चांगला हाय. पंपाला जेवायला मिळत न्हाई."

तरी त्यांनी घाई केली नाही. त्या रात्री जीप मुद्दाम वाईट बाजूने, तोंड घराकडे करून लावली. पाच लिटरचा कॅन टपावरच्या कॅरिअरला सुतळीने बांधला आणि औषध फवारणीच्या पंपाची पारदर्शक नळी त्यातून थेट फीड पंपाला जोडली. टाकीकडून येणारी नळी सोडून ठेवली. आज्जी म्हणाली, "सलाइन लावली व्हय?" अगदी बरोबर, सलाइनच. यात जीप सकाळी सुरू झाली नाही तर दोष पंपात, फिल्टरमध्ये किंवा त्यांच्या पुढे. झाली तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या हातभर-दोन हात नळीत. या एका सुतळीच्या गाठीवर पंचवीस हजार टांगलेले होते. मला झोप लागली नाही. आप्पा घोरत होते.

पाचला किल्ली फिरवली. पंपावरच्या सोलेनॉइडचा 'टक्' आवाज आला (हा आला नाही तर डिझेल बंदच राहतं, तेही आप्पा दर वेळी ऐकतात), सेल्फ एकदा बोलला आणि जीप सुरू झाली. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नव्हता.

दूध घालून आल्यावर आप्पा खाली सरपटले. "बॅटरी धर." टाकीकडून येणारी रबरी नळी चेसीला जिथे क्लिपने धरलेली होती तिथे त्यांनी ती बोटांत वाकवली, आणि टाचेला भेगा पडाव्यात तशा बारीक भेगा उघडल्या. नळी सरळ सोडली की भेगा मिटत, काही दिसत नसे. ती मूळची नव्हतीच. कधीतरी कुणीतरी बाजारातली बसवलेली, आणि घासून, वाळून गेलेली. आम्ही आजवर गळती शोधत होतो ती ओल बघून. पण ओढणाऱ्या नळीतली भेग डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. तोंड खाली असलं तरच टाकीचं वजन भेगेवर येऊन थेंब पाझरे. आज्जीने महिनाभर शिव्या घातलेला, सारवलेल्या अंगणातला तो वासाचा डाग नेहमी देवळाकडच्या बाजूलाच का पडे, ते तेव्हा उमगलं. तिने सारवणावरून दोनदा सांगितलंही होतं, पण तिची तक्रार सारवणाची होती, आणि ती आम्ही सारवणाचीच म्हणून ऐकली.

नसरापूरहून डिझेलची मीटरभर नळी, दोन क्लिपा आणि तांब्याचे दोन वॉशर आणले. दोनशे साठ रुपये झाले.

पुढच्या आठवड्यात आप्पांनी गॅरेजवाल्याला हे सांगितलं. मला वाटलं तो वरमेल किंवा चिडेल. तो शांतपणे म्हणाला, "आप्पा, माझी फरशी सपाट आहे." मला हे त्याचं बोलणं पटलं. त्याच्याकडे गाडी दुपारी गेली असती तर ती एअर काढलेली, गरम आणि गुणी असती. टोचन करून नेली तेव्हा नळीत हवा होती आणि नोझलला धार नव्हती. जे दिसलं त्यावरून त्याने पंप म्हटलं. दोष फक्त आमच्या उतारावर, रात्रीच्या वेळी प्रकट होत होता, आणि तिथे तेव्हा जागं कोण? आज्जी. तिच्याकडे साक्ष होती, पण ती साक्ष देवाच्या भाषेत होती. तर्कशास्त्राच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, लिहून दे. म्हणून हा लेख.

रविवारी ठरल्याप्रमाणे भंगारवाला आला. आप्पांनी त्याच्यासमोर किल्ली फिरवली. गाडी सुरू झालेली बघून त्याने आपला भाव तीन हजारांनी वाढवला. त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. मामांनी शिरवळची जागा दुसऱ्या कुणाला मिळवून दिली.

आता तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं आहे. नळी उघडली त्याच दिवशी आप्पांनी चारही हीटर तपासले. वरची जोडपट्टी काढली, बॅटरीच्या धन टोकापासून बारा व्होल्टचा बल्ब मधे घेऊन एकेका हीटरच्या डोक्याला वायर टेकवली. दोनांवर बल्ब लागला, दोनांवर लागला नाही. म्हणजे चार चुलींपैकी दोन विझलेल्या. म्हणून थंडीत सुरू होताना जीप अजून पांढरा धूर सोडते आणि मिनिटभर दोनच पायांवर नाचते. नवे दोन हीटर दुधाच्या पुढच्या बिलात बसवायचे आहेत. मागच्या बिलात बहिणीच्या दहावीचा फॉर्म भरला. तोवर आप्पा पहाटे किल्ली अर्धी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबतात, पुन्हा मागे घेतात, पुन्हा फिरवतात, आणि शेजारी बसून मी मोठ्याने वीसपर्यंत आकडे मोजते.